बटण दाबण्याआधीचे काही सेकंद

माझ्याकडे नवीन आलेल्या रेकॉर्डरच्या मेन्यूत ‘प्री-रेकॉर्ड’ नावाचा एक पर्याय आहे. तो चालू केला की यंत्र सतत ऐकत राहतं. रेकॉर्डिंग सुरू झालेलं नसतं, वेळेचा काटा पुढं सरकत नसतो, तरी गेल्या काही सेकंदांचा आवाज यंत्राच्या मेमरीत फिरत असतो. जुना पुसला जातो, नवा येऊन बसतो. तुम्ही रेकॉर्डचं बटण दाबलंत की हे मागचे सेकंद फाइलच्या सुरुवातीला जोडले जातात. म्हणजे फाइल सुरू होते ती बटण दाबण्याच्या आधीपासून.

प्रोग्रामिंग शिकलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. हा साधा सर्क्युलर बफर आहे. कॉलेजात डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलला आपण तो लिहिलेला असतो आणि वायव्हा संपला की विसरलेलाही असतो. सोय मात्र खरंच कामाची आहे. वीज कडाडते, पक्षी एकदाच ओरडतो, लांबून रेल्वेची शिट्टी येते. हात बटणापर्यंत जाईस्तोवर आवाज संपलेला असतो. प्री-रेकॉर्ड चालू असेल तर तो हातचा जात नाही.

आता पक्ष्याच्या जागी माणूस ठेवून बघा. मी एका बाईंना विचारतो, “चालू करू का?” त्या म्हणतात, “थांब जरा.” पदर सारखा करतात, आतल्या खोलीकडं वळून सुनेला तेलुगूत काहीतरी सांगतात आणि मग म्हणतात, “हं, कर.” मी बटण दाबतो. फाइलमध्ये काय काय आलं? सुनेला सांगितलेलं ते वाक्य आलं, बांगड्यांचा आवाज आला आणि “हं, कर” आलं. परवानगी मिळाली हे खरं, पण परवानगीच्या आधीचंही सगळं आत आलं. त्यांनी दार उघडलं तेव्हा मी आधीच घरात येऊन बसलो होतो.

म्हणून प्रश्न पडतो: दुसऱ्याचा आवाज घ्यायला मिळालेली परवानगी नेमकी कशाची असते, आणि कधीपासून कधीपर्यंतची? फार मोठा वाटत नाही हा प्रश्न. पण तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनलाही माइक आहे आणि तोही चांगला आहे, त्यामुळे तो तुमचाही आहे.

*

आधी यंत्राबद्दल थोडं. झूम कंपनीचा एफ-६. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, एका हातात मावतो. सहा माइक एकाच वेळी लावता येतात आणि प्रत्येक माइकचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर जातो. जागेवरच सगळे आवाज कमी-जास्त करून एकत्रही करता येतात, म्हणून याला नुसता रेकॉर्डर न म्हणता मिक्सर-रेकॉर्डर म्हणतात. चार पेन्सिल सेलवर चालतो. सिनेमाच्या शूटिंगवर, माहितीपटांसाठी, पक्षी-प्राण्यांचे आवाज टिपणाऱ्यांकडं अशी यंत्रं असतात.

आम्ही चार मित्रांनी वर्गणी काढून तो घेतला. नोकऱ्या पुण्यात, घरं सोलापुरात. शनिवार-रविवारी गावी आलो की शहराचे आवाज साठवायचे असा बेत. सोलापुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: इथं एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार भाषा ऐकू येतात आणि एकाच वाक्यात त्यातल्या दोन येणं अगदी रोजचं आहे. पूर्व भागात यंत्रमागांचा खटखटाट असतो. आमच्या लहानपणी तो जितका होता तितका आता राहिलेला नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची गर्दी, उंच नंदीध्वज. हे सगळं कुठंतरी राहावं असं वाटणं स्वाभाविक आहे.

पहिल्या दिवशी गच्चीवर बसून हेडफोन घातले. कानांना हेडफोन लावून माइकचा आवाज वाढवला की जग जवळ येतं, आणि हे जवळ येणं जरा अंगावर येणारं असतं. तीन घरं पलीकडची कुकरची शिट्टी शेजारी वाजल्यासारखी ऐकू आली. खालच्या बोळात दोन माणसं हप्त्याबद्दल बोलत होती. नुसत्या कानांनी ऐकलं असतं तर ती कुजबुज होती. हेडफोनमध्ये मला आकडा ऐकू आला. मी माइक आभाळाकडं वळवला. रेकॉर्डिंग चालू नव्हतं, तरीही वळवला. न साठवतासुद्धा जास्त ऐकणं शक्य आहे, हे तेव्हा लक्षात आलं.

*

या यंत्राची ज्याच्यासाठी जाहिरात होते ती गोष्ट म्हणजे ३२-बिट फ्लोट रेकॉर्डिंग. सोप्या शब्दांत सांगायचं तर असं: जुन्या पद्धतीत आवाज ठरावीक उंचीच्या भांड्यात भरला जायचा. १६ बिटच्या भांड्याची उंची साधारण ९६ डेसिबल, २४ बिटची १४४. बोलणारा अचानक ओरडला की भांडं भरून वाहायचं आणि आवाज फाटायचा. एकदा फाटला की दुरुस्ती नाही. म्हणून रेकॉर्ड करणारा आधी गेन लावून घ्यायचा, म्हणजे माइककडून येणारा आवाज किती वाढवून घ्यायचा ते ठरवायचा. फ्लोटमध्ये प्रत्येक आकड्याचे ३२ बिट वाटून दिलेले असतात: १ चिन्हाला, ८ घातांकाला, २३ मुख्य अंकांना. आपल्या कोडमधला ‘फ्लोट’ तोच हा. हलक्या आवाजासाठी एक आणि मोठ्या आवाजासाठी एक असे दोन कन्व्हर्टर आत असतात. दोन्ही मिळून सांभाळायची उंची इतकी वाढते की यंत्राच्या बाजूनं आवाज फाटण्याची भीती जवळजवळ उरत नाही. कुजबुज आणि फटाका एकाच फाइलमध्ये बसतात. किती मोठं ठेवायचं ते घरी जाऊन कॉम्प्युटरवर ठरवा.

इंजिनिअर म्हणून मला हे फार आवडलं. आमच्या धंद्यात ही जुनीच सवय आहे: आधी सगळं साठवून ठेवा, काय लागेल ते नंतर बघू. साठवणूक स्वस्त झाली आहे. हिशोब करून बघा, ४८ किलोहर्ट्झला एका सेकंदाचे ४८ हजार नमुने, प्रत्येकी ४ बाइट. एका ट्रॅकचे तासाला साधारण ६९० एमबी, सहा ट्रॅकचे सुमारे ४ जीबी. एका छोट्या कार्डात अख्खा दिवस मावतो.

पण गेन लावणं म्हणजे काय होतं ते आठवून बघा. माइक लावला की माणूस म्हणायचा, “जरा बोलून दाखवा बघू.” समोरचा विचारायचा, “काय बोलू?” “काहीही बोला. सकाळी काय खाल्लं ते सांगा.” मग समोरचा हसायचा, भाकरी-पिठलं म्हणायचा, काटा हललेला बघायचा. हे यंत्र आपला आवाज घेतंय, असा घेतंय, जवळून बोललं की जास्त घेतंय, हे त्या दोन मिनिटांत त्याला कळायचं. नको वाटलं तर “राहू दे बाबा” म्हणायला हीच जागा होती.

फ्लोटनं ही दोन मिनिटं गैरलागू केली. प्री-रेकॉर्डनं “चालू करू का?” या प्रश्नाची किंमत कमी केली. दोन्ही सोयी तांत्रिक अडचण दूर करतात आणि खरंच करतात. पण त्या अडचणीच्या पोटात समोरच्या माणसाला विचार करायला मिळणारा वेळ होता. अडचण गेली तेव्हा तो वेळही गेला, आणि हे कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं, कारण तो वेळ तिथं कुणी मुद्दाम ठेवलेलाच नव्हता. त्यात यंत्र बनवणाऱ्याची चूक मला दिसत नाही. इतकंच दिसतं की जे आधी यंत्राच्या मर्यादेमुळं आपोआप घडायचं ते आता मला ठरवून करावं लागणार. सभ्यतेचा काही भाग आजवर नाइलाजानं पाळला जात होता. नाइलाज संपल्यावर आपण तो पाळतो की नाही, तिथं नीतीचा प्रश्न सुरू होतो.

*

याला एक चांगला आक्षेप आहे आणि तो माझ्याच मित्रानं घेतला. तो म्हणाला, “विचारलंस की आवाज मेला. माइक दिसला की माणूस बातम्या वाचल्यासारखा बोलतो. तुला गल्ली हवी आहे की भाषण?”

तो म्हणतो त्यात तथ्य आहे. लग्नाच्या व्हिडिओत कॅमेरा समोर आला की अख्खं कुटुंब ताठ होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: माणूस बेसावध असताना बोलतो ते खरं आणि सावध होऊन बोलतो ते खोटं. मला हे पटत नाही. आई फोनवर मावशीशी बोलते एका आवाजात, बँकेत बोलते दुसऱ्या आवाजात, आजारी माणसाजवळ बसून बोलते तिसऱ्या आवाजात. यातली खरी आई कुठली? तिन्ही. माणूस कुणासमोर बोलतोय हे त्याच्या आवाजात असतंच. माइकसमोरचा ताठ आवाजही खराच आहे. मी परका आहे आणि ओळख अजून झालेली नाही, ही खरी गोष्ट तो सांगतो. तो ताठरपणा घालवायचा असेल तर वाट लांबची आहे: दहा वेळा जा, चहा प्या, रेकॉर्डर पिशवीतच ठेवा. चोरून घेतलेला आवाज ही या लांबच्या वाटेची पळवाट आहे. आणि पळवाटेनं आलेल्या आवाजाला ‘जास्त खरा’ म्हणणं म्हणजे आपल्या घाईला मोठं नाव देणं.

शिवाय परवानगीनं सगळेच प्रश्न सुटत नाहीत हेही खरं. नान्नजच्या माळावरचा माळढोक कुणाला परवानगी देणार? तरी तिथं नियम आहेतच. पक्षी जवळ यावा म्हणून त्याचाच आवाज स्पीकरवर वाजवणं पक्षीप्रेमींमध्ये वाईट समजलं जातं, कारण पक्ष्याला ते प्रतिस्पर्ध्याचं किंवा जोडीदाराचं बोलावणं वाटतं आणि तो खाणं-पिणं सोडून धावतो. ‘विचारलं होतं का’ या प्रश्नाच्या शेजारी आणखी एक प्रश्न नेहमी असतो: मी हे घेतल्यानं त्याचं काय झालं?

*

हा दुसरा प्रश्न मला एका खोकल्यानं शिकवला.

विडी घरकुलात मित्राच्या ओळखीच्या एक आजी राहतात. सगळे त्यांना अव्वा म्हणतात. पन्नासएक वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओली करून ठेवलेली तेंदूची पानं, कात्री, दोरा. बोटं इतकी सरावलेली की नजर टीव्हीवर असते आणि विडी वळली जाते. आम्ही तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “आण ते तुझं मशीन.” मी रेकॉर्ड करण्याआधी हेडफोन त्यांच्या कानांवर घातले. यंत्र काय ऐकतं ते त्यांना आधी कळावं एवढाच हेतू. त्यांनी कात्रीचा आवाज ऐकला आणि हसल्या. पान चुरचुरलेलं ऐकलं. मग त्यांना खोकला आला आणि त्यांनी तोही ऐकला.

“एवढी खोकते की काय मी?” त्या म्हणाल्या. “घरात कुणी सांगितलं नाही.”

थोड्या वेळानं विचारलं, “खोकला काढून टाकता येतो का यातनं?”

“येतो, अव्वा.”

“मग काढ. लोक म्हणतील म्हातारी आजारी आहे.”

तांत्रिकदृष्ट्या हे दहा मिनिटांचं काम आहे. पण घरी आल्यावर आमच्यात वाद झाला तो दोन दिवस चालला. एक बाजू अशी: ज्या बाईनं पन्नास वर्षं तंबाखूच्या धुळीत काढली तिच्या रेकॉर्डिंगमधून खोकला काढणं म्हणजे साक्षच पुसणं. ऐकणाऱ्याला जे कळायला हवं तेच आपण कापतोय. तो खोकला कशानं येतो, धुळीनं की वयानं, हे आम्ही डॉक्टर नसल्यानं ठरवू शकत नव्हतो. पण म्हणूनच तो आहे तसा ठेवावा. दुसरी बाजू: खोकला त्यांचा आहे. छाती त्यांची आहे. आपल्याला ‘वास्तव’ वाटतो म्हणून दुसऱ्याच्या देहाचा आवाज त्याच्या इच्छेविरुद्ध वाजवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मिक्सरवर काम करताना हा प्रश्न दर मिनिटाला येतो, फक्त आपण त्याला नैतिक म्हणत नाही, ‘नॉइज’ म्हणतो. मुलाखत घेताना यंत्रमागाचा खटखटाट नॉइज असतो. त्या खटखटाटात वीस वर्षं ओरडून बोलल्यामुळं घरीही मोठ्यानं बोलणाऱ्या कामगाराच्या बाबतीत तो नॉइज नाही, त्याच्या बोलण्याचं कारण आहे. माहितीपट करणारा खोकला ठेवेल, जाहिरात करणारा काढेल आणि दोघंही म्हणतील की आवाज ‘स्वच्छ’ केला. काय स्वच्छ आणि काय कचरा हे यंत्र सांगत नाही. ज्याचा हात बटणावर तो सांगतो.

शेवटी मला पटलं ते असं. अव्वांचा आवाज त्यांच्या बोलण्यासाठी घेतलेला आहे. त्यांच्या बोलण्याचा साज काय असावा हे त्यांनी ठरवावं. विडीकामाबद्दल मला जगाला काही सांगायचं असेल तर मी ते माझ्या शब्दांत, माझ्या जबाबदारीवर लिहावं. माझ्या म्हणण्याला पुरावा म्हणून त्यांची छाती वापरू नये. खोकला काढला. आणि हा प्रसंग लिहू का असं विचारायला मी पुन्हा गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “लिही की. नाव घालू नकोस.”

तुम्ही म्हणाल, मग खोकला लपला कुठं? तुम्ही तो इथं वाचलातच. बरोबर आहे. पण वाचणं आणि ऐकणं यांत फरक आहे. तुम्हाला त्या खोकतात हे कळलं. त्या कशा खोकतात हे कळलं नाही. ते त्यांच्याकडं राहिलं.

*

आवाज घेणं आणि देणं यांचा आपल्याकडचा इतिहासही या प्रश्नानं भरलेला आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. गाणं संपल्यावर त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत. तिथल्या लोकांना गाणारी कोण हे कळावं म्हणून ही सोय. सोय तांत्रिकच. पण आज सव्वाशे वर्षांनी ऐकताना तो शेवटचा एक सेकंद मला गाण्याइतकाच मोलाचा वाटतो. आवाज कुणाचा, हे आवाजातच नोंदलेलं आहे.

उलट बाजूला उस्ताद अल्लादिया खाँ. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक, कोल्हापूर दरबारचे गायक, १९४६ मध्ये गेले. ध्वनिमुद्रणाचं युग सुरू होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली होती, तरी त्यांचं गाणं आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांनी गायलेली भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. आज तो आवाज सूर्यमालेच्या वाऱ्यांपलीकडं, ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. गुरूचा आवाज पृथ्वीवरही नाही, शिष्येचा पृथ्वीबाहेर.

अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं नाही म्हणून आपलं नुकसान झालं का? नक्कीच झालं. पण ‘आपलं नुकसान झालं’ यातून ‘त्यांनी द्यायलाच हवं होतं’ हे निघत नाही. या दोन वाक्यांमधली जागा जपणं मला महत्त्वाचं वाटतं. सगळं जपलं पाहिजे, काही हरवता कामा नये, या हट्टात ही जागा आधी जाते. मग गाणारा माणूस ठेव्यासारखा वाटू लागतो, आणि ठेवा स्वतः ‘नाही’ म्हणू शकत नाही.

कायद्याकडं पाहिलं तर एक गंमत दिसते. आपल्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा कलाकार म्हणून हक्क ५० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क, म्हणजे ज्यानं पुढाकार घेऊन आणि जबाबदारी उचलून ते करवलं त्याचा, ६० वर्षं. घशापेक्षा यंत्राचं आयुष्य दहा वर्षं जास्त. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं एक चांगली गोष्ट मात्र मान्य केली आहे: दिलेली संमती परत घेता आली पाहिजे, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच परत घेणंही सोपं असलं पाहिजे. घरगुती, खासगी वापराला तो कायदा लागू नाही, त्यामुळं माझ्या-तुमच्या बऱ्याच रेकॉर्डिंगना तो अडवणार नाही. पण त्यातलं तत्त्व वापरायला कुणाची मनाई नाही. ‘हो’ म्हणजे कायमचं विकून टाकणं असं नाही.

*

हे सगळं नीट केलेलं कुठं दिसतं का? मला एक उदाहरण फार जवळचं वाटतं: जात्यावरच्या ओव्यांचं काम. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं महाराष्ट्राच्या गावागावांतून बायकांच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली, गावं हजाराहून जास्त. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणकतज्ज्ञ आणि संगीताचे अभ्यासक त्यात आले आणि त्यातल्या साडेचार हजारांच्या आसपास ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई आंबोरे यांचा १९९६ मध्ये घेतलेला आवाज त्यातलाच. आता हा संग्रह ‘पारी’ या संकेतस्थळावर आहे, आणि तुमच्या फोनवर ऐकता येतो.

ओवी ही कुठल्या ठिकाणची गोष्ट होती ते लक्षात घ्या. पहाटेचा अंधार, घरातले पुरुष झोपलेले, जात्याशी एक किंवा दोन बायका. जात्याच्या घरघरीत जे बोलता यायचं ते दिवसाउजेडी बोलता येत नसे. सासर, नवरा, भाऊ, पोटातलं दुःख. म्हणजे तांत्रिक भाषेत सांगायचं तर तिथला ‘नॉइज’ हेच तिथलं संरक्षण होतं. ते काढून, दिवसा, माइकसमोर, परक्या माणसांदेखत ओवी गाणं हे गिरणी आल्यानंतरच्या काळात तर आठवून, ठरवून करायचं काम झालं. हे खासगीपण मोडणं होतं का? मी बराच विचार केला. मला वाटतं, नव्हतं, आणि त्याचं कारण या कामाच्या पद्धतीत आहे. ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. ‘लोकगीत, कवी अज्ञात’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. तसं केलेलं नाही. हे काम गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्यांबरोबर वाढलं, म्हणजे गोळा करणाऱ्यांमध्ये त्या गावांच्या जवळच्या बायकाही होत्या. आणि पुढं ‘पारी’ची माणसं कित्येक गावांत पुन्हा गेली, त्या बायकांना शोधलं. आवाज घेऊन जाणारा परत आला.

माझ्या मते सगळ्यात अवघड भाग हा परत येण्याचा आहे. घेणं एका दिवसाचं असतं. परत जाणं म्हणजे पेट्रोल, सुट्टी, कंटाळा, आणि कधीकधी “काढून टाक ते” असं ऐकून घ्यायची तयारी. जो परत जायला तयार नाही त्यानं मिळवलेली परवानगी सहीपुरती असते.

*

यंत्र वगैरे घेणारे थोडे. पण व्हॉट्सॲपवर आलेला मैत्रिणीचा रडका व्हॉइस मेसेज दुसऱ्या ग्रुपवर टाकणारे, हॉस्टेलवर मित्र झोपेत बडबडतो ते टिपणारे, आजीला फोन स्पीकरवर टाकून तिचं बोलणं रीलमध्ये वापरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आजी फोनवर नातवाशी बोलत होती. हजार लोकांशी बोलत नव्हती. तिचं बोलणं गोड आहे, लोकांना आवडतं, तिला कळलं तर तीही हसेल. शक्य आहे. पण ‘तिला कळलं तर’ असं आपण म्हणतो तेव्हा तिला कळलेलं नाही, हे आपणच कबूल केलेलं असतं.

आमचे चौघांचे ठरलेले काही नियम आहेत. माणसं असतील तिथं प्री-रेकॉर्ड बंद. गेनची गरज नसली तरी “जरा बोलून दाखवा” म्हणायचं, आणि हेडफोन आधी समोरच्याच्या कानांवर. फाइलची एक प्रत ज्याचा आवाज त्याला, त्याच्या किंवा घरच्यांच्या फोनमध्ये. नाव घालायचं की नाही हे त्यानं सांगायचं. महिनाभरानं एकदा परत जायचं आणि पुन्हा विचारायचं. हे पाळल्यानं आमचं काम रडतखडत चालतं. मित्राचा आक्षेप अजून मिटलेला नाही. तो म्हणतो, अशानं तू शहर टिपणार नाहीस, शहराची मुलाखत घेशील. असेलही.

आणि एक जागा अशी आहे जिथं माझ्याकडं नियम नाही. त्याच घरकुलात एक आजोबा आहेत. तरुणपणी मिलमध्ये होते. मिलचा भोंगा, संप, बंद पडल्यानंतरची वर्षं, सगळं तोंडपाठ. तासभर बोलतात, ऐकत राहावं असं बोलतात. रेकॉर्डरला मात्र नाही म्हणाले. कारण विचारलं नाही, त्यांनीही दिलं नाही. त्यांचा नातू अजून शाळेत आहे. उद्या मोठा झाल्यावर तो मला विचारू शकतो की तुमच्याकडं यंत्र होतं, तुम्ही समोर बसला होतात, मग माझ्या आजोबांचा आवाज का नाही? त्या दिवशी माझ्याजवळ ऐकवायला काही नसेल. त्यांनी नाही म्हटलं होतं एवढं सांगेन, आणि कसं म्हटलं होतं तेही: हसून, दोन्ही हात जोडून, आणि लगेच “चहा घेणार की नाही” असं विचारून.